रेवूने बांधलेली गाठ

समुद्राच्या कडेला करंजीसारखी वळलेली एक छोटीशी वाडी होती. तिथं चिमुकली रेवू आत्याजवळ राहायची. घरात दोन पातेली, एक गोधडी आणि टिकली नावाचं काळंपांढरं करडू, एवढीच त्यांची श्रीमंती. पण टिकली उड्या मारू लागली की त्या घरापुढं राजवाडासुद्धा फिका वाटायचा, बरं का.

वादळ येणार म्हणून सगळ्यांना टेकडीवरच्या शाळेत हलवलं. घर सोडताना जनावर दाराशी नाहीतर गोठ्यात बांधायचं, म्हणजे ते हरवत नाही, अशी वाडीची रीत. रेवूनं तर मायेपोटी दुहेरी गाठ मारली.

पाणी दारावरून गेलं. टिकली मोकळी असती, तर टुणटुण टेकडी चढली असती.

शाळेत गरम खिचडी मिळाली, पण रेवूला घास उतरेना. वाटी घेऊन ती मागच्या काजूच्या बागेत गेली. तिथं मोडलेल्या फांदीच्या डिंकात एक इवलीशी परी अडकली होती. लिमलेटच्या गोळ्यांसारखे तिचे रंगीत पंख चिंब भिजले होते. रेवूनं हळूच तिला सोडवलं आणि खिचडीचा घास भरवला.

"मीठ कमी आहे," परी म्हणाली, "पण जीव आला. एक इच्छा माग. मात्र पाण्यानं नेलेलं मी परत आणत नाही."

रेवूनं वाटी खाली ठेवली.

"पण ती गाठ मारल्याची आठवण तुझ्या मनातून पुसू शकते. मग दुखणार नाही."

रेवू हो म्हणणार, तोच खालून आवाज आले. पाणी पुन्हा चढत होतं. उतारावरच्या गोठ्यापाशी होडी लावून मदतीची माणसं गुरं राखणाऱ्या तुकामामांना विनवत होती.

"मामा, चला हो आता."

"वाडीची एवढी गुरं इथं बांधलीत. ती सोडून येऊ?"

"होडीत गाय मावते का, मामा?"

"मग जा तुम्ही. चहा पाजला असता, पण चूल तरंगतेय."

रेवूनं डोळे पुसले. "परीताई, सगळ्यांची दावी सोड. त्यांना वर यायची वाट दाखव."

सरसर सरसर गाठी सुटल्या. पाण्यावर सोनेरी पायवाट उमटली. गाई, वासरं, शेळ्या, सगळी टेकडी चढू लागली, आणि कपिला गाईची शेपटी धरून कुरकुरत तुकामामा.

त्या संध्याकाळी शाळेतल्या प्रत्येक पोराला दूध मिळालं. मामांनी पहिला पेला रेवूला दिला. "पी बाय. कपिलेच्या पुढच्या वासराचं नाव तू ठेव. ते तुझंच."

परी बागेत थांबली होती. "भलं मन आहे तुझं. ती गाठ आता मी तशीच पुसते, बक्षीस म्हणून."

रेवूनं मान हलवली.

"नको. विसरले तर पुढच्या वादळात पुन्हा बांधीन."

परीनं तिच्या कपाळाला ओठ टेकले आणि चांदीच्या लखलखाटात ती विरून गेली. त्या उजेडात क्षणभर सगळी टेकडी उजळली, काळ्या, तांबड्या, ठिपक्याठिपक्यांच्या शेळ्यांनी भरलेली. रेवूनं एकेकीकडं नीट पाहिलं. त्यात टिकली नव्हती.