टाक्याचं पाणी

"...मग मी जावं तरी कुठं, बुवा?"

सोनकडीच्या मठात हर्षल चौगुले मघापासून हेच विचारत होता. पोरगं हुशार. जंतूंच्या शास्त्रात मोठी डिग्री, कॉलेजात पहिला. छाती पुढं, पण तोंड एरंडेल प्याल्यागत.

भिकूगिरी बुवा शेंगा फोडत बसलेले, समोर एक शेळी टरफलं खातेली.

"वाटा न्हाईत का?"

"ढीगभर आहेत! लॅबमध्ये बसून लोकांची लघवी तपासा. औषधांची बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात ताटकळा. बीएड करून मास्तर व्हा. नाहीतर पीएचडी करा आणि म्हातारे व्हा."

"आन तुला काय व्हायचंय?"

"डॉक्टर व्हायचं होतं. मार्क हुकले." हर्षलनं नाक ओढलं. "आप्पा म्हणतात, पुन्हा परीक्षेला बस. मामा म्हणतो, बॅग धर. आज संध्याकाळपर्यंत सांगायचंय."

बुवांनी एक दाणा तोंडात टाकला. सावकाश चावला.

"मग आत्ता तू कोण?"

"मी...? मी डॉक्टर नाही."

"ते कळलं. मीबी न्हाई. ती शेळीबी न्हाई."

शेळीनं मान हलवली. तिला पटलं असावं.

बुवा उठले, ओट्यावर गेले आणि प्रसादाला जमलेल्या मंडळींकडं बघून ओरडले, "अरं ऐका रं, डॉक्टर आलाय! फुकट तपासतोय!"

"बुवा! खोटं कशाला सांगता?"

पण उशीर झाला. गावाला जीवशास्त्र शिकलेली दोनच माणसं ठाऊक असतात. डॉक्टर झालेला, आणि अजून न झालेला.

धोंडाबाईनं येऊन जीभच बाहेर काढली.

"आजी, जीभ आत घ्या. मी डॉक्टर नाही."

"मग आधी सांगायचंस की रं! वाळली माझी!"

मागनं शेवंता आली, काखेत पोर. "कालपासनं जुलाब हैत ह्याला."

"ताई, मी डॉक्टर नाही. आरोग्य केंद्रात न्या, आजच न्या. तोवर मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा."

"मलाबी तसंच हाय," ईश्वरा शेळकेनं पोट धरून सांगितलं.

"आन मला!" त्याची बायको.

हर्षलचे डोळे बारीक झाले.

"पाणी कुठलं पिता?"

"कुठलं म्हंजे? देवाच्या टाक्यातलं."

"आणि विहिरीचं कोण पितं?"

वरच्या आळीचे चौघेजण पुढं झाले. चांगले ठणठणीत.

हर्षल उठलाच. कातळातल्या टाक्यापाशी जाऊन सरळ पोटावर आडवा झाला. इस्त्रीची पँट शेणात. डोकावून बघतोय, हातानं ओल चाचपतोय, तिच्या मागानं वर सरकत चाललाय... आणि सरकत सरकत पोचला तो ईश्वराच्या नव्या शेळ्यांच्या गोठ्यापाशी. गोठ्याची मोरी उताराला काढलेली. उतार थेट टाक्यात.

"ही कुणी काढली?"

"म्याच. पर देवाचं पाणी कुठं नासतंय व्हय?"

"देवाचं मी काही म्हणत नाही, काका. तुमच्या शेळ्यांचं म्हणतोय."

बाया फिदीफिदी हसल्या. ईश्वरा कुदळ आणायला पळाला.

हर्षलनं बाटली मागितली, उकळून घेतली, टाक्याचं पाणी भरलं. "हे कॉलेजात नेऊन तपासतो. तोवर टाक्याचा थेंब कुणी तोंडाला लावायचा नाही. विहिरीचं प्या, तेही उकळून. आजी, तुम्हीसुद्धा!"

"व्हय बाबा," धोंडाबाई म्हणाली. "डॉक्टर न्हाईस, पर वरडतोस तसाच."

खिशातला फोन वाजला. आप्पा.

"आत्ता नको, आप्पा. माझं काम चाललंय."

फोन ठेवला, आणि ईश्वराला मोरी कुठनं वळवायची ते दाखवत राहिला.

उन्हं कलल्यावर तो ओट्यावर आला. हात चिखलानं भरलेले, तोंडावर एरंडेलाचं नाव नाही. मग एकदम काहीतरी आठवलं.

"बुवा... माझ्या प्रश्नाचं राहिलंच की."

बुवांनी सकाळी टाक्यावरनं भरून आणलेला तांब्या उचलला. ओठांपाशी नेला.

थांबले.

तांब्या तसाच दोन्ही हातांनी त्यांनी हर्षलपुढं धरला.

"ते बघू मग. आधी तू मला सांग... ह्ये पिऊ, का वतू?"