अखजीची कोरडी घागर

ऐका घागरीबाई, तुमची कहाणी. तापीकाठी एक गाव होतं, वेशीवर विहीर होती. गावात गिरजा राहत होती. तिला तीन लेकरं, भिका, उखा आणि धाकटी ठकी. घराचा एक वसा होता. अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवी घागर आणावी. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन तीत ओंजळ घालावी. मुलांना जवळ बसवून त्याची एक आठवण सांगावी. मगच दुसरी ओंजळ.

मागच्या अखजीला नणंद सोनी विहिरीत गेली. त्या दुःखानं सासूही गेली. या अखजीला वसा गिरजेकडे आला. तिनं मनात म्हटलं, सांगायला बसावं, तर सोनीचंही सांगावं लागेल. ती का गेली, ते एकट्या गिरजेला ठाऊक. मग तिनं काय केलं? मुकाट्यानं हंडा ओतून घागर भरली.

"आई, आठवणी?"

"जा, खेळा. गेलेल्यांचं काय उगाळत बसायचं?"

घागर फुटली नाही, पाझरली नाही. बघते तो कोरडी! इतक्यात भिका दारात आला. "बाई, पाणी देता?"

"सोंगं पुरेत रे, भिक्या!"

पुन्हा भरली, पुन्हा कोरडी. उखा आला. "बाई, हे घर कुणाचं?"

तिसऱ्यांदा भरली, तिसऱ्यांदा कोरडी. ठकी उंबऱ्याबाहेर रडू लागली. "मला आईकडे जायचंय."

"अगं, मीच तुझी आई!"

"नाही. आईचं तोंड मला आठवत नाही."

मग गिरजेनं परक्या मुलांना बोलवावं तसं आपल्याच मुलांना बोलावलं. "बसा. पाणी देते, आधी ऐका."

पहिली ओंजळ घातली. "तुमचे आजोबा मांजराला भीत. कबूल मात्र करत नसत."

भिका हसला. "आई, खरंच?"

दुसरी ओंजळ घातली. "आजी मांडे भाजताना गायची. एकच ओळ, तीही चुकीची."

उखा म्हणाला, "आई, म्हण ना ती."

तिसरी ओंजळ घातली. "तुमची आत्या सोनी. तिचा झोका सगळ्यांत उंच जाई. अखजीच्या सकाळी मी भांडले. म्हटलं, पुन्हा तोंड दाखवू नकोस. ती घागर घेऊन विहिरीवर गेली. परत आली नाही."

घागर काठोकाठ भरली. ठकी येऊन बिलगली. "आई गं!" मग पाण्यात वाकून म्हणाली, "आई, आत्या विचारते, आता तोंड दाखवू का?"

गिरजेनं पदर सावरला. घागरीत पाहिलं. म्हणाली, "दाखव गं, बाई."

घागरीबाई, गिरजेची लेकरं जशी तिला ओळखती झाली, तशी ऐकणाऱ्यांची लेकरं त्यांना ओळखोत. भरल्या घरी कुणाचं नाव गिळू नये, घेतलेली ओंजळ मुकी सोडू नये. लांबची कहाणी ओंजळभर शब्दांत सांगितली, काठोकाठ भरून पुरी झाली.