बिब्बा उतला नाही

"आन् एकीलेही उतला नाही?"

"एकीलाही नाही, आजी. बावीस बायका, चव्वेचाळीस गुडघे, महिनाभर लेप."

"माहे दोन धरून?"

"तुमचे दोन धरून."

धुरपताबाई बिब्बे फोडत होती. एका दगडावर बी ठेवायची, दुसऱ्या दगडानं ठेचायची, आतली पांढरी गोडंबी टोपलीत टाकायची. पत्र्याच्या त्या शेडीत तिच्यासकट बावीस जणी हेच काम करत होत्या. सगळ्यांचे हात राखेनं माखलेले, आणि राखेखाली बोटं काळी. बिब्ब्याचं तेल एकदा कातडीत मुरलं की धुऊन जात नाही.

ते तेल सांध्याचं दुखणं ओढून घेतं, हे सगळ्या वऱ्हाडाला ठाऊक. ज्याला ते सोसत नाही त्याला ते उततं, हेही ठाऊक. उततं म्हणजे कातडी फुगते, फोड येतात, फोड पाझरतात, डोळे मिटून जातात. एकाची सूज उतरते, दुसऱ्याला बिब्बा उततो. मधे एक 'र' आहे. तो कुणाच्या वाट्याला येईल, ते बी सांगत नाही.

प्रफुल्ल घाटोळ तीन उन्हाळे धुरपताबाईच्या समोर बसून शिकला होता. बी विटेच्या पुडीत किती वेळ घोळवायचं, तेल निथळलं हे कशावरून ओळखायचं, लेप कुठं लावायचा आणि कुठं मुळीच लावायचा नाही. मग तो शहरातल्या प्रयोगशाळेत गेला आणि डॉक्टर होऊन आला. रोग्यांचा नव्हे, कागदाचा.

आज तो शाबासकी घ्यायला आला होता.

"आधी उंदरांवर पाहिलं," तो म्हणाला. "पंजे सुजवले. अर्क दिला. चार तासांत सूज खाली. तापलेल्या पत्र्यावर ठेवले, तर अर्क दिलेले उंदीर पाय उचलायला उशीर लावत होते. म्हणजे दुखणं कमी झालं."

"उंदरानं सांगतलं का, मले आता बरं वाटते म्हून?"

बायका खिदळल्या.

"थट्टा नको, आजी. बिब्ब्यात जे उततं ना, ते मी काढून टाकलंय. तुम्ही चाळीस वर्षं विटेची पूड चोळत बसलात. मी काचेच्या नळीत आठ दिवसांत केलं."

"म्हंजे सापाचे दात काढले."

"काढले."

"मंग त्याले गोठ्यातच ठेवशीन, का घरातही नेशीन?"

"नेलासुद्धा!" प्रफुल्ल हसला. "परवा सकाळी आईच्या गुडघ्यांना लावला. चार वर्षं जिना चढली नव्हती ती. काल गच्चीवर जाऊन पापड वाळत घालून आली. आता तरी म्हणा, पोरगा गुरूच्या पुढं गेला."

धुरपताबाईचा वर उचललेला दगड वरच राहिला.

"तुह्या मायले लावला?"

"हो."

"तुही माय कधी गोडंबी फोडाले बसली होती?"

"आई? शाळेत शिकवायची ती. का?"

शेजारणीचा दगड थांबला. मग तिच्या पलीकडचीचा. एकेक करत शेडीतले सगळे दगड थांबले. पत्र्यावर ऊन तडतडत होतं, तेवढाच आवाज.

"का, आजी?"

"बाटली दे."

त्यानं खिशातून तपकिरी काचेची बाटली काढून दिली. धुरपताबाई ती घेऊन शेडीच्या दारात गेली.

रस्त्यापलीकडे गिरजा नावाची म्हातारी उंबऱ्यावर गहू पाखडत बसली होती. एक पाय लांब केलेला, कारण तिचा तो गुडघा वाकत नाही. शेजारी नात रांगत होती.

धुरपताबाईनं बाटली उंच धरली.

"गिरजे! गुडघ्याले लावतं का व? बिब्ब्याचं हाये!"

गिरजाच्या हातातलं सूप पडलं. गहू रस्ताभर झाले. त्या न वाकणाऱ्या पायावर ती कशी उठली, देव जाणे. नातीला दंडाला धरून उचललं आणि आत गेली. दार लागलं. मग कडीचा आवाज आला.

प्रफुल्ल हसला, पण ते हसू अर्धंच आलं.

"घाबरट आहे. अडाणी बाई."

"अडानी?" धुरपताबाई त्याच्याकडं वळली. "तिचा गुडघा या बावीस जनींहून जास्त दुखते. तिले काहून नाही घेतलं तुह्या कागदावर?"

"ती इथं कामाला नाही."

"काहून नाही?"

त्याला खरंच माहीत नव्हतं. त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

"एक दिवस आली होती," धुरपताबाई म्हणाली. "एकच दिवस. मंग नऊ दिवस डोये उघडले नाही तिचे. तुळसा आली होती, ते दुपारीच पयाली. माही धाकली बहीन आली होती..."

"त्या कुठं असतात आता?"

"तुळसा सासरी हाये."

"आणि बहीण?"

धुरपताबाईनं बाटली त्याच्या हातात परत ठेवली.

"या शेडीत कोन उरलं, ते पाह्य," ती म्हणाली.

प्रफुल्लनं बावीस जणींकडं पाहिलं. बावीस जणींनी त्याच्याकडं पाहिलं. त्याच्या ओठांवरचं अर्धं हसूही तेव्हा गेलं.

आकडा बोलत असतो तोवर शिकलेल्या माणसाला दुसरं काही ऐकू येत नाही. आकडा गप्प झाला की मात्र त्याला स्वतःचं काळीज ऐकू येतं.

त्यानं फोन काढला. आईचा नंबर लावला.

"आई, कशी आहेस?"

"अरे, मस्त!" शेडीत इतकी शांतता होती की फोनमधला आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "गुडघे कसे फुलासारखे हलके झालेत. तुझ्या त्या आजीला माझा नमस्कार सांग हं. फक्त..."

"फक्त काय?"

"काही नाही रे. सकाळपासून जरा खाजतंय."

"गुडघ्याला?"

"गुडघ्याला नाही, मानेला. आणि पापण्यांना. पापडाचं पीठ उडालं असेल."

"तिले सांग, हात चेहऱ्याले लावू नको," धुरपताबाई म्हणाली. "शेजारनीकून नखं काढून घे. आन् दवाखान्यात जाय. आत्ताच्या आत्ता. बिब्बा लावला होता म्हून डाक्टरले सांगाले लाजू नको."

तो एकेक वाक्य मागून म्हणत गेला, पाढे म्हणणाऱ्या पोरासारखा. पलीकडून आई हसत होती. "अरे, एवढ्याशा खाजेला दवाखाना? वेडा कुठला..." मग ती मधेच थांबली. "थांब हं, जरा पाणी पिते. घशात कसंसंच होतंय."

फोन तसाच चालू राहिला. भांड्याचा आवाज आला. मग काहीच आलं नाही.

"आई?"

...

"आई!"

"ओरडू नकोस, आहे मी इथंच," ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "जाते. शेजारच्या काकूंना हाक मारते. तू ये."

प्रफुल्लनं धावत जाऊन मोटरसायकलला किक मारली. गाडी सुरू झाली. तो बसला, आणि पुन्हा उतरला. धुरपताबाईच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. तीन उन्हाळ्यांत तो तिच्या पाया पडला नव्हता. आता त्यानं तिचे पाय धरले, आणि सोडवेनात.

"आजी, ती बरी होईल ना? तुम्ही चाळीस वर्षं यातच आहात. तुमच्याइतकं बिब्ब्यातलं कुणाला कळतं? एकदा सांगा. होईल ना बरी?"

धुरपताबाईनं पदरानं हातांवरची राख पुसली. दोन्ही हात त्याच्यापुढं धरले. आधी पालथे, मग उताणे. काळे कुळकुळीत हात. त्यांच्यावर कुठं एक वण नव्हता.

"मले तं बिब्बा कधी उतलाच नाही, बाप्पा," ती म्हणाली. "मले काय इचारतं?"