फळी वाजते, पण…

गाढवं मनातलं बोलत त्या काळी केरबा कुंभाराचं गाढव पाठीवर माती घेऊन रोज ओढ्यातून घरी येई. ओढ्यावर नवा लाकडी पूल झाला, तर ते पुलाशी अडून बसलं. "आडमुठं कुठलं!" म्हणत केरबानं काठी उगारली.

सोबतच्या म्हाताऱ्या गाढवीनं विचारलं, "काय होतंय रे बाबा?"

"मावशी, ओढ्यातला दगड न् दगड माझ्या ओळखीचा आहे. इथं पाय टाकला की फळी वाजते. एवढ्या ओझ्यानिशी पडलो तर?"

"मग आधी ओझ्याशिवाय चल की!"

हे ऐकून केरबानं पोती उतरवली. दोघं रिकाम्या पाठीनं तीनदा जाऊन आली. मग गाढव आपणहून पोत्यांपाशी जाऊन उभं राहिलं.

ओझं घेऊन ते पुलाच्या मध्यावर पोहोचलं आणि खाली बघतं तर केरबा सवयीनं धोतर खोचून ओढ्यात उतरलेला!

गाढव मायेनं म्हणालं, "धनी, वर या. फळी वाजते, पण मोडत नाही."