पानावरचा आडवा हात

एका घाटाच्या पायथ्याशी एक खानावळवाला राहत असे. मनाने राजा माणूस, पण खोड एकच. आग्रहाची! पाहुण्याने पानावर आडवा हात धरला, की हा बोटांच्या फटीतून तूप ओतायचा आणि वर म्हणायचा, "लाजताय काय? आमच्या दारातून अर्धपोटी गेलात, तर आमचं नाव काय राहील!"

एका दुपारी एक थकलेला म्हातारा तिथे आला. दुसऱ्या दिवशी घाटापलीकडच्या गावात त्याच्या नातीचं लग्न होतं.

"वाटीभर पेज मिळेल का?" तो म्हणाला. "आणि घटकाभर पाठ टेकतो."

"पेज? अहो, पेज आजाऱ्याला देतात!" झालं! पानात पुरणपोळ्या पडू लागल्या. म्हाताऱ्याने हात आडवा धरला. "माझी शपथ आहे तुम्हाला!" म्हणत याने पुन्हा वाढलंच. म्हातारा बिचारा भिडस्त. नको नको म्हणत खात राहिला.

व्हायचं तेच झालं. संध्याकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या, पायांतलं बळच गेलं. "आता घाट कसा चढू? नातीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या राहिल्या हो," म्हणून तो रडू लागला.

खानावळवाला ओशाळला. बायकोला म्हणाला, "मी तर प्रेमानंच वाढलं गं."

"वाढलंत हो प्रेमानं. पण ते काय मागत होते, ते ऐकलंत कुठं? त्यांना पेज हवी होती, तुम्हाला नाव हवं होतं."

बोलणं वर्मी लागलं. तो म्हाताऱ्याच्या उशाशी बसला आणि जन्मात पहिल्यांदा त्याने पाहुण्याला विचारलं, "आजोबा, तुम्हाला काय हवं?"

"मला लग्नाला पोचवा, बाबा."

दुसऱ्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. खानावळ तुडुंब भरायचा दिवस! तरी त्याने चूल पेटवली नाही. पहाटेच बैल जुंपले, गाडीत पेंढा अंथरला आणि म्हाताऱ्याला अलगद उचलून निजवलं. चढणीवर बैल दमले, तेव्हा स्वतः गाडीला खांदा दिला. मंगलाष्टकं चालू असतानाच गाडी मांडवाच्या दारात पोचली. म्हाताऱ्याने नातीवर अक्षता टाकल्या.

मग पंगत बसली. खानावळवाल्याचं अंग आंबून गेलं होतं, घास घशाखाली उतरेना. पण वाढपी कसले ऐकतात! "पाव्हणं, लाजू नका!" म्हणत लाडवावर लाडू वाढू लागले. त्याने पानावर आडवा हात धरला.

तेवढ्यात पलीकडून म्हातारा ओरडला, "थांबा रे! आधी त्यांना विचारा, काय हवं ते."

खानावळवाल्याचे डोळे भरून आले.

"वाटीभर पेज मिळाली तर बरं होईल," तो म्हणाला. "आणि घटकाभर पाठ टेकतो."

तात्पर्य काय, तर वाढण्याआधी विचारावं आणि विचारल्यावर ऐकावं. खरा पाहुणचार तिथूनच सुरू होतो.