बंद खिडक्यांचा ठराव

अनसूयाबाई टिळेकरांना फुकटच्या चहाचाही संशय यायचा, आणि आज तर सोसायटीचे अध्यक्ष घोरपडे सभेत चहासोबत बिस्किटंही वाटत होते.

अध्यक्षांचा ठराव असा होता की प्रत्येकाने घराच्या खिडक्या कायमच्या बंद कराव्यात, स्वयंपाकघरातले झरोके बुजवावेत आणि हवा शुद्ध करणारं यंत्र बसवावं. यंत्र अर्थातच अध्यक्षांच्या मेहुण्याच्या दुकानातलं! नमुना म्हणून हॉलच्या सगळ्या खिडक्या लावून एक यंत्र सुरूही केलं होतं. त्याच्या हिरव्या दिव्याकडे बोट दाखवत अध्यक्ष म्हणाले, "अशी हवा महाबळेश्वरलासुद्धा मिळायची नाही. चला, सह्या करा."

यंत्रखरेदीचा करार आधी अनसूयाबाईंच्या हातात आला. त्यांनी चष्मा पुसला.

"वाचल्याशिवाय मी सही करत नाही. सगळ्यांना कळावं म्हणून मोठ्यानेच वाचते. खिडक्या मात्र उघडू नका हं, यंत्राचा अपमान होईल."

करार बावीस पानांचा होता आणि बाई एकेक कलम दोनदा वाचत होत्या. चौथ्या पानावर लोक जांभया देऊ लागले. सातव्या पानावर पदर आणि वर्तमानपत्रं हलू लागली. दिवा आपला हिरवाच! अकराव्या पानावर घामाघूम झालेले अध्यक्ष उठले आणि त्यांनी खाडकन खिडकी उघडली.

"जीव गुदमरला हो!"

बाईंनी शांतपणे करार मिटला आणि त्या सेक्रेटरींकडे वळल्या.

"लिहून घ्या. ठरावाच्या विरोधात पहिलं मत, अध्यक्षांचं."