मोगऱ्याचे एकोणीस दोष

फार फार वर्षांपूर्वी एका डोंगराळ मुलखावर एक राणी राज्य करत होती, आणि त्या राज्यात संगणक होते. राणीच्या काळात संगणक कुठून आले, असं विचारू नका. माझ्या गोष्टीत आहेत.

संगणक चालायला आत एक प्रणाली लागते. लहानांना हे ठाऊक आहे, मोठ्यांसाठी सांगतो. त्या राज्यात अशा दोन प्रणाली होत्या, चाफा आणि मोगरा. शहरातले लोक चाफा वापरत, डोंगरातले मोगरा, आणि दोघांचं जराही पटत नसे. सोयरीक जुळवतानासुद्धा विचारत, मुलगा चाफ्याचा की मोगऱ्याचा.

राणीला सगळ्या दवाखान्यांत एकच प्रणाली हवी होती. तिने दरबारच्या पारख्याला बोलावलं. "दोन्ही नीट तपासा," ती म्हणाली. "जी निवडाल तिच्यावर माझ्या लेकीबाळींचे जीव असणार आहेत."

पारखी हुशार होता, त्यात वाद नाही. पण त्याची बोटं लहानपणापासून चाफ्यावर फिरलेली. मोगऱ्यापुढे बसला तरी चाफ्यात जिथे बटण असतं, तिथेच तो दाबायचा. तिथे काही नसलं की वहीत लिहायचा, दोष.

मोगरा दाखवायला डोंगरातली एक म्हातारी सुईण आली होती. बारा वर्षं तिने बाळंतिणींच्या नोंदी त्यात ठेवल्या होत्या. ती मागून हळूच म्हणाली, "तिथं नाही, दादा. उजवीकडं, वरती."

"आजी, परीक्षा यंत्राची आहे. तुम्ही मधे बोलू नका."

संध्याकाळपर्यंत एकोणीस दोष भरले. निघताना सुईणीने एवढंच विचारलं, "चाफा आला तर माझ्या जुन्या नोंदी त्यात उघडतील ना?"

हे त्याने तपासलंच नव्हतं. पण 'माहीत नाही' म्हणायची त्याच्या जिभेला सवय नव्हती. "न उघडायला काय झालं?" तो म्हणाला, आणि अहवालातही 'हो' लिहून मोकळा झाला.

चाफा जिंकला. गावोगाव तो बसला, आणि मोगऱ्याचे जुने संगणक पारख्याच्याच हुकमाने मोडीत निघाले. सहा महिन्यांनी चार कौतुकाचे शब्द कानावर पडावेत म्हणून तो स्वतः डोंगरात गेला.

सुईणीच्या दवाखान्यात एक बाई नुकतीच बाळंत झाली होती. बाळ सुखरूप होतं, पण आईचं रक्त थांबत नव्हतं आणि तिची शुद्ध हरपली होती.

"बरं झालं आलात," सुईण म्हणाली. "दोन औषधं आहेत. त्यातलं एक हिला मागच्या खेपेला बाधलं होतं, श्वास कोंडला होता. कुठलं ते मी लिहून ठेवलंय. तेवढं बघा, माझे हात गुंतलेत."

पारख्याने चाफा उघडला. नोंद होती, पण अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. ओळीच्या ओळी चौकोन.

"वाचता येत नाही, आजी."

"तुम्हालाही चौकोनच दिसतात?" सुईण चकित झाली. "मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं दाबते. तुम्ही हो म्हणाला होतात ना."

ते ऐकून त्याला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण धरणी कुठली घ्यायला. सुईणीने मानेनेच फळी दाखवली. तिथे गोणपाटाखाली मोगऱ्याचा जुना संगणक होता, टाकवला नाही म्हणून ठेवलेला. त्याने तो खाली काढून सुरू केला. सवयीने बोट पुन्हा चाफ्याच्याच जागी गेलं. काही झालं नाही.

"आजी, कुठे दाबू?"

"उजवीकडं, वरती." तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

नोंद उघडली. त्याने बाधलेल्या औषधाचं नाव वाचलं, सुईणीने दुसरं दिलं. बऱ्याच वेळाने रक्त थांबलं.

सुईण हात धुऊन आली. "देवासारखे आलात, दादा," ती म्हणाली. पारख्याला वर बघवेना. ज्या गावांत असा लपवलेला मोगरा नाही, तिथल्या बायांचं काय, हाच विचार त्याला खात होता.

तो तसाच दरबारात गेला आणि खाली मान घालून म्हणाला, "एकोणीस दोषांतले दोन मोगऱ्याचे आहेत. बाकीचे सतरा माझे. मला तो येत नव्हता. आणि नोंदींपुढचं 'हो' खोटं आहे."

राणीने त्याचं पद काढून घेतलं. "आता गावोगाव जा," ती म्हणाली. "सुईणींशेजारी बसा आणि त्या सांगतील तशी एकेक नोंद चाफ्यात उतरवा."

जिथले मोगरे मोडून गेले होते, तिथे त्याला घरोघरी जाऊन बायांना नव्याने विचारावं लागलं. प्रत्येक दारात आधी सांगावं लागे, तुमची नोंद माझ्यामुळे गेली. शेकडो दारं झाली, पण ते वाक्य त्याला एकदाही मान वर करून म्हणता आलं नाही.

लहानांनो, मोठ्यांनो, एवढंच गाठीला बांधा: एखादी गोष्ट वाईट आहे असं म्हणण्याआधी, ती आपल्याला येत नाही असं म्हणायला शिकावं.